घोडीला इंजेक्शन द्यायच्या आधी तिचे ठोके मोजून ठेवा

परवा संध्याकाळी पाचगणीच्या एका पोराचा फोन आला, टेबललँडवर त्याची दोन घोडी चालतात. "तात्या, डॉक्टर गुंगी देऊन दाताचं काम करून आत्ताच गेले आणि घोडीचा ठोका मधीच थांबतोय ओ, तीन पडतात आन चौथा गायबच." मी विचारलं मान खाली टाकून उभीय का, तर व्हय. हिरड्या गुलाबी हायेत का, व्हय. मिनिटाला किती पडतायत, तर २६. आणि इंजेक्शनच्या आधी किती पडत होते? इथं पोरगं गप्प.

त्या गप्प बसण्यापायी हे लिहायला घेतलं. गुंगीच्या औषधानं ठोके कमी होतात आणि मधे खंड पडतो, त्यात नवल काहीच नाही, पण रोज २८ वर चालणारी घोडी २६ वर आली तर ती गोष्ट वेगळी आणि ४४ वाली २६ वर आली तर वेगळी. आधीचा आकडा नसेल तर औषधानं झालं का आजारानं झालं का आधीपासूनच होतं हे आलेला डॉक्टर पण छातीठोक सांगू शकत नाही.

मी डॉक्टर नाही हे आधीच सांगतो. वाईकडं आमची तीन घोडी, वरातीला जातात, सीझनला पाचगणीला जातात, आणि जे कळलंय ते डॉक्टरांच्या मागं उभं राहून आणि स्वतःच्या चुका करून कळलंय. खाली जे डोसचे आकडे येतील ते तुम्ही सुई भरावी म्हणून नाहीत, समोर काय चाललंय ते कळावं म्हणून आहेत.

तर आधी मोजायचं कसं. स्टेथोस्कोप मेडिकलमध्ये मिळतो, साधा घ्या, भारीतला लागत नाही. घोडीच्या डाव्या बाजूला उभं राहायचं, तिचा डावा पुढचा पाय थोडा पुढं ठेवायला लावायचा म्हणजे कोपर बाजूला होतं, आणि कोपराच्या मागनं आत काखेत स्टेथोस्कोपचं तोंड चांगलं दाबून घालायचं. भीत भीत वरवर ठेवलं तर पोटाची गुडगुडच ऐकू येते. लब आणि डब मिळून एक ठोका, नवखा माणूस हे दोन धरतो आणि ३६ चे ७२ करून डॉक्टरला झोपेतनं उठवतो, मी उठवलेलं आहे. स्टेथोस्कोप नसला तर जबड्याच्या हाडाच्या खालच्या कडेला आतून एक सुतळीसारखी धमनी बोटाखाली सरकते, तिच्यावर दोन बोटं हलकी ठेवायची, अंगठा नको, अंगठ्यात आपलीच नाडी लागते. आणि पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायची घाई करू नका, घोड्याचा ठोका मुळात संथ, त्यात मधे एखादा गाळला गेला तर गुणाकारात चारची गफलत होते. पूर्ण मिनिट मोजा.

मोठ्या घोड्याचे उभ्या उभ्या, शांत असताना २८ ते ४४ पडतात, लहान चणीच्या तट्टाचे थोडे वर. नुकतं जन्मलेलं शिंगरू ८० ते १२०. जोरात पळताना तोच घोडा २२० च्या पुढं जातो, म्हणजे सात-आठ पट, माणसाला हे जमत नाही. आता काम एवढंच की आठ दिवस सकाळी चारा टाकायच्या आधी, खरारा करायच्या आधी, अंगावर माणूस नसताना मोजायचं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात लिहायचं. आमच्या सोनीचे ३४ ते ३६ येतात, थोरलीचे ४०. एवढं लिहिलेलं असलं की अर्धी लढाई झाली.

आकड्याबरोबर ताल पण ऐका, तो आकड्यापेक्षा जास्त बोलतो. चांगल्या तब्येतीच्या घोड्याचा ठोका आरामात असताना मधेच एक गाळला जातो, तीन-चार पडले की एक खंड, परत तीन-चार, परत खंड. पहिल्यांदा ऐकलं की माणसाला घाम फुटतो पण घोड्यात हे सर्रास असतं. हृदयाच्या वरच्या कप्प्यातनं निघालेला सिग्नल खालच्या कप्प्यात जायच्या आधी एका चौकीवर थांबतो, तिला डॉक्टर लोक एव्ही नोड म्हणतात, आपल्या आनेवाडीच्या टोलनाक्यासारखं समजा. घोडा निवांत असला की व्हेगस नावाची नस ह्या नाक्यावर जोर ठेवते आणि एखादी गाडी अडवून ठेवते, खाली सिग्नल जात नाही, तो ठोका पडत नाही. नीट कान दिला तर त्या खंडात एक बारीक "धप" ऐकू येतो, तो वरच्या कप्प्याचा. हे नॉर्मल आहे का नाही ते बघायची सोपी पद्धत म्हणजे घोडीला मिनिट-दोन मिनिटं दुडकी चालवा आणि लगेच ऐका, खंड गेला तर काळजी नाही. फक्त ही परीक्षा गुंगीतल्या किंवा पोट धरलेल्या घोडीवर घ्यायची नाही, एवढं डोकं ठेवा.

पाचगणीच्या घोडीचं नेमकं हेच होतं. गुंगीची जी औषधं आपल्याकडं घोड्याला देतात, झायलाझीन म्हणा डेटोमिडीन म्हणा, ती ह्याच व्हेगसच्या बाजूची. शिरेतनं गेल्यावर दोन-तीन मिनिटांत मान खाली येते, आधी रक्ताचा दाब वर चढतो, तो चढला म्हणून हृदय आपणहून गती कमी करतं आणि नाक्यावर गाड्या अडायला लागतात, मग हळूहळू दाब खाली येतो. पहिल्या पाच-दहा मिनिटांत ठोका सगळ्यात खाली असतो. झायलाझीनची गुंगी साधारण अर्धा तास, डेटोमिडीनची तास-दीड तास, आणि गुंगी उतरली की ताल परत जागेवर. म्हणून त्या पोराला सांगितलं की दर दहा मिनिटांनी मोज, लिही, आणि दोरी धरून शांत उभा राहा. तासाभरानं ३२ झाले, सकाळी दुडकी चालवली तर खंडच नाही.

पण ठोका २० च्या खाली जाऊन तिथंच बसला, हिरडी पांढरट नाहीतर निळसर दिसायला लागली, बोटानं दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत गुलाबी झाली नाही, घोडी बसायला लागली, किंवा वेळ जाईल तसा खंड कमी व्हायच्या ऐवजी वाढतच चालला, तर मग वाट बघत बसू नका, डॉक्टरला परत बोलवा. आणि शेजारचा कोणी शहाणा म्हणाला की अ‍ॅट्रोपिन द्या, ठोका वाढतो, तर त्याला चहा पाजून घरी पाठवा. ठोका वाढतो हे खरं, पण अ‍ॅट्रोपिननं घोड्याचं आतडं थंड पडतं आणि गुंगीच्या नादात पोटशूळ विकत घेतल्यासारखं होतं. ते द्यायचं का नाही ते ज्यानं गुंगी दिली त्याला ठरवू दे.

गुंगीच्या आधी तीन गोष्टी स्वतः बघायच्या, त्या डॉक्टरला पण सांगायच्या, तो रागावत नाही. एक म्हणजे वजन. डोस किलोवर असतो आणि आपण अंदाजे "असंल की चारशे" म्हणतो. टेप घ्या, छातीचा घेर सेंटीमीटरमध्ये, त्याला त्यानंच गुणा, मग खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतच्या लांबीनं गुणा आणि ११९०० नं भागा. आमच्या सोनीचा घेर १६०, लांबी १४५, उत्तर आलं ३१२ किलो, आणि मी वर्षानुवर्षं चारशे सांगत होतो! दुसरं म्हणजे बाटली. झायलाझीन एका मिलीत २० मिलिग्रॅमवालं पण असतं आणि १०० वालं पण, औषध तेच, पाचपट फरक. आणि गाईला घोड्याच्या दहाव्या हिश्श्यात गुंगी येते, त्यामुळं रोज गाईच करणाऱ्या माणसाचा हात सवयीनं वेगळा चालू शकतो, दोन्हीकडं घोळ होतो. तिसरं, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, घोडीला आधीच कुठली अँटिबायोटिक चालू आहे. सल्फा-ट्रायमेथोप्रिम जातीचं औषध शिरेतनं आणि डेटोमिडीनची गुंगी एकाच वेळी अंगात असेल तर हृदयाचा ताल असा बिघडतो की घोडं जागेवर मरू शकतं. हे कंपनीच्या चिठ्ठीवर छापलेलं असतं, बारीक अक्षरात, आणि ती चिठ्ठी आपण खोक्याबरोबर उकिरड्यावर टाकतो. दोन डॉक्टर दोन दिवशी येऊन गेले असतील तर एकाला दुसऱ्यानं काय दिलं ते माहीत नसतं, ते सांगणं आपलं काम.

सुई मानेत कुठं जाते हे पण बघत जा. शीर आणि धमनी मानेत शेजारी शेजारीच चालतात, वरच्या तिसऱ्या भागात दोन्हींच्या मधे स्नायू आडवा असतो म्हणून तिथं जरा सुरक्षित, खाली छातीकडं ती आड नसते. चुकून धमनीत गेलं तर औषध थेट मेंदूत, घोडं दुसऱ्या सेकंदाला उधळतं नाहीतर झटके येऊन कोसळतं. म्हणून स्वतः शिरेत देऊ नका. पांढरं दुधाळ पेनिसिलिन, प्रोकेनवालं, ते तर फक्त मांसात, सुई टोचल्यावर मागं ओढून रक्त येत नाही ना बघून, कारण ते रक्तात गेलं की घोडं वेड्यासारखं भिंतीवर चढायला बघतं, मी एकदा लांबून बघितलंय, परत बघायची इच्छा नाही.

आता माझी स्वतःची चूक. तीन वर्षांमागं सोनीनं रात्री पोट धरलं, लोळायला लागली. माझ्याकडं आधीच्या वेळचं हायोसिनचं इंजेक्शन होतं, पोटातल्या कळीचं, ब्युस्कोपान म्हणून ओळखतात ते. मोजलं नाही, लिहिलं नाही, ज्याला येतं त्याच्याकडनं देऊन टाकलं. वीस मिनिटांत डॉक्टर आले, स्टेथोस्कोप लावला, ७६. त्यांचा चेहरा उतरला. पोटशूळात ठोका ६० च्या वर गेला की गंभीर धरतात, ८० च्या आसपास म्हणजे आतडं पिळल्याची भीती, त्यांनी लगेच शिरवळच्या पशुवैद्यकीय कॉलेजला न्यायची भाषा सुरू केली, रात्रीचा टेम्पो शोधायला पोरं पळाली. मग त्यांनी विचारलं काही दिलंय का, आणि मी सांगितलं. हायोसिन हे व्हेगसच्या उलट, नाक्यावरचा जोर काढून टाकतं, अर्धा तास ठोका उगाच पळत राहतो, तेवढ्यात आकड्याला काही अर्थ नसतो. थांबून परत मोजलं तर ४८ आणि घोडीनं लीद टाकली. शेवट गोड झाला, पण उलटं पण झालं असतं, खरंच आतडं पिळलेलं असतं आणि "इंजेक्शनमुळं वाढलेत" म्हणून आम्ही झोपलो असतो. म्हणून पोटशूळात डॉक्टरच्या आधी काही द्यायचं नाही आणि दिलंच तर औषध, किती आणि किती वाजता, हे हातावर पेननं लिहून ठेवा. ठोका मात्र आधीच मोजा, लोळत असेल तर उठवून मोजा.

अ‍ॅसप्रोमाझीन ह्या गुंगीच्या दुसऱ्या औषधाचं थोडक्यात: ताल फार बिघडवत नाही पण दाब पाडतं, त्यामुळं रक्त गेलेल्या, जुलाब लागलेल्या किंवा पोटशूळातल्या घोड्याला ते नको, आणि वळू घोड्याला दिलं तर लिंग बाहेर येऊन आत न जायचा धोका असतो. शिंगराला गुंगीची वेळ आली तर घरच्या घरी विचार पण करू नका, त्याचं लहान हृदय जोर वाढवू शकत नाही, गतीवरच चालतं, गती पडली की सगळंच पडतं.

सलाईनबद्दल जरा सविस्तर, कारण आपला भाग दुधाचा, सातारा सांगलीत घरटी गाय-म्हैस, आणि गोठ्यातली औषधं पागेत जातातच. व्यालेल्या गाईला लावतात ती ४५० मिलीची कॅल्शियमची बाटली, ती गाईला लावताना पण जुना डॉक्टर एका हातानं बाटली वरखाली करतो आणि दुसऱ्या हातात स्टेथोस्कोप असतो, बघितलंय ना? कॅल्शियम भरभर गेलं की हृदय अडखळतं, मधे मधे जास्तीचे ठोके पडतात, मग एकदम मंद. घोड्याला द्यायचंच झालं तर डॉक्टर ते मोठ्या सलाईनमध्ये पातळ करून हळू सोडतात, आणि कोणीतरी पूर्ण वेळ ठोका ऐकत पाहिजे. ताल बदलला की आधी नळी बंद, मग चर्चा. पोटॅशियमचं तर त्याहून कडक, ताशी किलोमागं अर्ध्या मिलीइक्विव्हॅलंटच्या वर जायचं नाही असा नियम आहे, आणि अ‍ॅम्प्यूल फोडून तसंच शिरेत मारलं तर हृदय बंद पडतं, दुरुस्तीला वेळच मिळत नाही.

कॅल्शियम कधी लागतं ते पण सांगतो. उन्हाळ्यात माण-खटावकडं वरात किंवा लांबची रपेट झाली, घोडी घामानं निथळली, नुसतं पाणी पाजलं, आणि मग तिच्या कुशी उचकी लागल्यासारख्या उडायला लागतात. एक हात कुशीवर आणि स्टेथोस्कोप हृदयावर ठेवा, कूस बरोबर ठोक्याला उडते. घामातनं क्षार गेल्यानं श्वासाच्या पडद्याची नस हृदयाच्या करंटला दचकते, ती नस हृदयाला खेटूनच जाते म्हणून. लघवी करवणारं फ्युरोसेमाइड दिलेल्या घोड्यात पण हे होतं कारण ते पण क्षार बाहेर काढतं. सावलीत उभी करा, काम बंद, डॉक्टर बोलवा.

गोचिडाचं औषध. गाईवर फवारायचं अमिट्राझ घोड्याला चालत नाही, अजिबात नाही. हे झायलाझीनच्याच भावकीतलं आहे, कातडीतनं आत गेलं की घोडं पेंगतं, ठोका मंद होतो आणि आतडं बंद पडून लीद अडकते. गोठ्यात फवारणी असेल त्या दिवशी घोडी लांब बांधा आणि घोड्यासाठी डॉक्टरला वेगळं विचारा.

आणि कोंबडी खाद्य. ह्याच्यावर मी जिथं जाईन तिथं बोलतो, बायको म्हणते वरातीत तरी गप्प बसा. ब्रॉयलरच्या खाद्यात मोनेन्सिन, सॅलिनोमायसिन असली औषधं असतात, कोंबड्यांच्या रक्ती हगवणीवर. कोंबडीला किलोमागं दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास मोनेन्सिन लागतं मरायला, घोड्याला दोन-तीन पुरतं. सॅलिनोमायसिन तर घोड्याला अर्ध्या-पाऊण मिलिग्रॅमला भारी पडतं, आणि खाद्यात किलोला ६० च्या आसपास असतं, हिशोब करा, तीनशे किलोची घोडी तीन किलो खाद्यात मरणाच्या दारात. पोल्ट्रीच्या शेडशेजारी बांधलेली घोडी सुटली आणि फाटक्या पोत्यात तोंड घातलं की झालं. आधी खाणं सोडते, घाम, पोट दुखल्यासारखं, मागचं अंग लुळं, ठोका वेडावाकडा, आणि उतारा औषध नाही. वाचली तरी हृदयाचा स्नायू खराब झालेला असतो, महिन्यांनी पळताना मरू शकते, त्यामुळं अशा घोडीवर पोरं बसवायच्या आधी डॉक्टरकडनं ईसीजी आणि ट्रोपोनिनची, म्हणजे हृदयाचा स्नायू दुखावलाय का ते सांगणारी, रक्ताची तपासणी करूनच घ्या. गाईंच्या काही खुराकात पण मोनेन्सिन असतं, पोत्यावरचं लेबल वाचा. कण्हेर आणि बिट्टी ही औषधं नाहीत पण हृदयावरच जातात, वाळलेली पानं पण, देवळापाशी बांधताना बघून बांधा.

घोडागाडीच्या शर्यतवाल्यांना दोन शब्द. दमाचं औषध म्हणून क्लेनब्युटेरॉल पाजतात, श्वास मोकळा होतो म्हणून. ते हृदयाला पण चाबूक मारतं, उभ्या घोड्याचा ठोका पळतो, अंग थरथरतं, घाम फुटतो, आणि तशा घोड्याला तुम्ही परत पळवता. जाऊ दे, ऐकणारा ऐकेल.

शेवटी एक ताल असा की जो औषधानं नाही तर आजारानं असतो आणि ओळखता आला पाहिजे. खंड असतो पण त्याला हिशोबच नसतो, दोन पडतात, थांबतो, पाच भरभर, एक, परत थांबतो, लेझीममधला एकजण दारू पिऊन आल्यासारखं. हे एट्रियल फिब्रिलेशन, वरचा कप्पा नुसता थरथरतोय. दुडकी चालवून पण जात नाही. आकडा बऱ्याचदा ३६-४० असा नॉर्मलच येतो म्हणून नुसता आकडा मोजणारा फसतो, घोडी उभी असताना ठणठणीत, चढाला मात्र दम तुटतो. ह्याच्यावर क्विनिडीन देतात, नाकातनं नळी घालून, किलोमागं २२ मिलिग्रॅम, दर दोन तासांनी, आणि ते स्वतःच ताल बिघडवू शकतं, जुलाब, नाक सुजणं, दाब पडणं, क्वचित अचानक मरण, म्हणून ते ईसीजी लावूनच आणि दवाखान्यातच. घरी कोणी देतो म्हणाला तर नको म्हणा. अशा तालाच्या घोडीला गुंगी द्यायची असेल तर डॉक्टरला आधी ऐकायला लावा. आमच्याकडचे डॉक्टर आता मोबाइलला जोडायची छोटी ईसीजीची पट्टी वापरतात, डाव्या काखेजवळ केस ओले करून लावली की अर्ध्या मिनिटात रेघ येते, तीच पुढं मोठ्या डॉक्टरला पाठवता येते.

शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, नाव सांगलीच्या माणसाचं आणि कॉलेज आमच्या जिल्ह्यात, तर दोन्हीकडच्यांनी हक्कानं जावं. अडीअडचणीला १९६२ नंबर आहे, सरकारी फिरत्या दवाखान्याचा. फोन लावल्यावर "घोडी बरी नाही लवकर या" एवढंच सांगू नका. वजन टेपनं किती, रोजचा ठोका किती, आत्ता किती, ताल हिशोबात का बेहिशोबी, हिरडीचा रंग, शेवटची लीद कधी, चार दिवसांत कुठलं औषध गेलंय आणि पोत्यातलं काय खाल्लंय. रिकाम्या बाटल्या टाकू नका, फोटो काढून पाठवा, लेबलच्या बाजूनं.